फलत्याग आणि फलविचार

गीतेचा उपदेश ऐकून मनुष्य कर्माला प्रवृत्त होतो, हे खरे. परंतु त्याच उपदेशाच्या आडोशाला उभे राहून तो आपल्या कर्माकडे पाठही फिरवू शकतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. काही दिवसांपूर्वी बंगळूरला गेलो असता हा प्रकार मला जवळून पाहावयास मिळाला.

तेथील मल्लेश्वरम् भागात काडू मल्लिकार्जुनाचे प्राचीन देवालय आहे. ते व्यंकोजीराजांनी बांधविले असे सांगतात. सायंकाळी दर्शन घेऊन बसलो असता परिचित कुटुंबातील एक तरुण भेटला. युद्धसामग्री तयार करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत तो संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे काम करतो. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून तो म्हणाला, "काका, क्षेपणास्त्राला वाट दाखविणाऱ्या यंत्राची आज्ञावली आम्ही लिहितो. ते यंत्र सलग पुष्कळ तास चालले तर कसे वागते, ही चाचणी अर्धवट राहिली आहे. ती पूर्ण झाली असे लिहून मी सही करावी, असे वरिष्ठ म्हणतात. 'तुझा भाग तू लिहिलास, फळ तुझ्या हाती नाही. तुमची गीताच हे सांगते,' असा त्यांचा युक्तिवाद आहे. मला तो पटत नाही. पण उत्तरही सुचत नाही. शिवाय, ज्याने माणसे मरणार ते काम मी करावे की नाही, ही टोचणी निराळीच."

ह्या तरुणाचा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. वालचंद हिराचंद ह्यांनी 1940 साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरात विमानांचा कारखाना काढला; 1954 साली तेथेच भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना झाली. 'तेजस' विमानाने पहिले उड्डाण केले तेही त्याच नगरीतून, 4 जानेवारी 2001 रोजी. ते विमान मुद्दामच अस्थिर घडविलेले आहे, म्हणजे त्याला चपळाईने वळता येते. आणि त्याचा तोल वैमानिकाचा हात नव्हे, तर संगणकाची आज्ञावली क्षणोक्षणी सावरीत असते. पूर्वी शस्त्र धरणारा हात आणि शस्त्र घडविणारा हात वेगळे ओळखता येत. आता शस्त्राच्या आत बसून निर्णय करणारी बुद्धी दूरच्या मेजावर कोणी तरी आधीच लिहून ठेवलेली असते. तो लिहिणारा रणभूमी कधी पाहत नाही. म्हणूनच 'मी केवळ निमित्तमात्र' असे म्हणणे त्याला फार सोपे जाते.

परंतु अर्जुनाने काय केले हे आठवावे. युद्धाच्या आरंभी त्याने आपला रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेवविला, तो कोणाशी लढावयाचे आहे हे डोळ्यांनी पाहण्यासाठी. त्याला दिसले, तो व्याकुळ झाला, त्याने प्रश्न विचारले. आणि त्यानंतरच गीता प्रकट झाली. निमित्तमात्र होण्याची गोष्ट तर अकराव्या अध्यायात येते. पहिला अध्याय गाळून जो एकदम अकराव्यावर उडी मारतो, त्याने गीता ऐकलीच नाही.

दुसरे असे की, फळाची आसक्ती सोडणे आणि फळाचा विचार सोडणे ह्या दोन गोष्टी अगदी भिन्न आहेत. अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत. परिणाम काय होईल, हानी किती होईल, हिंसा कोणाची होईल आणि आपले सामर्थ्य कितपत आहे, ह्यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म गीतेने तामस ठरविले आहे. म्हणजे 'पुढे काय व्हावयाचे ते होवो' असे म्हणून सही करणारा मनुष्य निष्काम कर्मयोगी नसून तामस कर्ता होय. बढती मिळो वा न मिळो, प्रशंसा होवो वा निंदा, ह्याविषयी उदासीन असणे हा फलत्याग. यंत्र नेमक्या वेळी नीट चालेल की नाही, ह्याविषयी उदासीन असणे हा प्रमाद.

हा प्रमाद किती सूक्ष्म असू शकतो, ह्याचे एक उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 1991 सालच्या आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्रे संरक्षणासाठी उभी होती. त्यांचा संगणक काळ मोजी सेकंदाच्या दहाव्या भागाने. परंतु ज्याप्रमाणे आपल्या दशांश पद्धतीत एकतृतीयांश पुरता लिहिता येत नाही, त्याप्रमाणे संगणकाच्या द्विमान पद्धतीत एकदशांश पुरता लिहिता येत नाही. शेपूट तोडावे लागते. त्या तुटलेल्या शेपटाची बेरीज शंभर तासांत सुमारे 0.34 सेकंद झाली. तेवढ्या अवधीत शत्रूचे स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. यंत्राने आकाशात भलत्याच ठिकाणी पाहिले, तेथे काही दिसले नाही, आणि 25 फेब्रुवारी रोजी 28 सैनिक प्राणास मुकले. चूक आधीच उमगली होती. 'फार वेळ' यंत्र चालविल्यास दोष येईल अशी सूचनाही चार दिवस आधी गेली होती. परंतु फार वेळ म्हणजे किती, हे तीत लिहिलेले नव्हते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले असते तरी दोष नाहीसा झाला असता. सुधारलेली आज्ञावली धाहरानला पोहोचली ती 26 फेब्रुवारीस. ह्यात कोणाचाही द्वेष नव्हता, लोभही नव्हता. फक्त कोणी तरी एक आकडा लिहावयाचा राहिला.

आता तरुणाची दुसरी टोचणी. हे कर्मच हिंसेचे, तर ते सोडून का देऊ नये? गीतेचे उत्तर असे की, अग्नी जसा धुराने वेढलेला असतो तसे प्रत्येक कर्म काही ना काही दोषाने वेढलेले असते. केवळ दोष आहे म्हणून स्वकर्म टाकू नये. सीमेवरील सैनिकाच्या रक्षणाचा भार कोणी तरी वाहिलाच पाहिजे. परंतु ह्याचा अर्थ कोणतेही काम स्वीकारावे असा नव्हे. सॉफ्टवेअरशास्त्राचे एक आद्य पंडित डेव्हिड पार्नास ह्यांनी अमेरिकी आरमाराच्या लढाऊ विमानाच्या आज्ञावलीवर काम केले होते. संरक्षणाच्या कामाशी त्यांचे वैर नव्हते. तथापि 1985 साली, अवकाशातून क्षेपणास्त्रे अडविण्याच्या योजनेच्या सल्लागार मंडळाचा त्यांनी राजीनामा दिला. दिवसाला हजार डॉलर मानधन मिळत होते. अशी आज्ञावली विश्वासार्ह आहे असे कोणालाही कधी छातीठोकपणे म्हणता येणार नाही, हे त्यांचे कारण होते. त्यांच्याही आधी, 1947 साली, गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर ह्यांनी नियंत्रित क्षेपणास्त्रांच्या कामाला आपली विद्या देण्याचे जाहीरपणे नाकारले. एकाने एक काम केले व दुसरे सोडले. दुसऱ्याने युद्धकाळात विमानवेधी तोफांचे गणित सोडविले, पण नंतर असल्या कामापासून हात आवरले. दोघांचे निर्णय भिन्न. पण दोघांनीही डोळे उघडे ठेवून विचार केला, हे समान आहे. भगवंतांनीही शेवटी अर्जुनावर निर्णय लादला नाही. सर्व सांगून झाल्यावर, पूर्ण विचार करून तुला योग्य वाटेल ते कर, असेच म्हटले.

मी त्या तरुणाला एवढेच म्हणालो, "नोकरी सोडावी की नाही, हे मी सांगणारा कोण? तुझे मन, तुझा स्वभाव तूच पाहा. पण त्या कागदावर सही करण्यापूर्वी तुझा रथ एकदा दोन सैन्यांच्या मध्ये ने. ज्याच्या संरक्षणासाठी ते यंत्र उभे राहील त्याला पाहा, आणि ज्याच्यावर ते चालेल त्यालाही पाहा. दोघांना पाहूनही हात थरथरला नाही, तरच सही कर."

पुढे त्याचे पत्र आले. यंत्राची चाचणी किती तास झाली आणि किती राहिली, हे आकड्यांनिशी लिहून त्याने कागद परत केला होता. वरिष्ठांचा रोष झाला, बढती राहिली. दुसऱ्या टोचणीचे उत्तर अद्याप मिळाले नाही, असेही त्याने प्रांजळपणे लिहिले आहे. ते मिळेपर्यंत तो विचारीत राहील, ह्यातच मला समाधान वाटते. कारण प्रश्न विचारणाऱ्यालाच गीता सांगितली गेली. ज्याला प्रश्नच पडला नाही, त्या दुर्योधनाला नव्हे.