पाटीवर नाव कोणाचे?

इंग्लंडमध्ये गॅरेज हे अडगळ ठेवण्यासाठी असते, गाडीसाठी नव्हे. हा नियम मी २०१० साली मोडला आणि गॅरेजमध्ये स्वतःच गाडी बांधायला घेतली. दोन आसनांची, बिनटपाची. चासीचे किट एका छोट्या कारखान्याचे, इंजिन १९८९ च्या एका फोर्ड सिएराचे. तीन वर्षे गेली. "एवढ्यात माणूस पीएच.डी. होतो," असे सौ. अधूनमधून ऐकवत असे.

गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी सरकारी तपासणी असते आणि तिच्यासाठी गाडीवर ओळखपाटी लागते. पाटी हातभर नव्हे, तळहाताएवढी. तिच्यावर निर्मात्याचे नाव, चासी क्रमांक, गाडीचे जास्तीत जास्त भरलेले वजन आणि प्रत्येक आसावर किती भार चालेल ते आकडे. किल्ल्या करून देणाऱ्या दुकानात अक्षरे कोरून मिळतात म्हणून तिथे गेलो. दुकानदाराने पेन्सिल कानामागून काढली आणि विचारले, "निर्माता कोण?"

मी गप्प. इंजिन फोर्डचे, चासी कारखान्याची, टायर तिसऱ्याचे. मी काय केले? बोल्ट आवळले! कारखान्याला फोन केला तर मालक म्हणाले, "चासी आमची, गाडी तुमची. नाव तुमचेच घाला."

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ हे सुट्या भागांच्या जुळणीला दिलेले नुसते नावच ठरते. कॉलेजात हे वाचून मी खूश झालो होतो. पण नागसेनाच्या रथाला ब्रेकची परीक्षा द्यायची नव्हती. आमच्या तपासणीत ब्रेक पुरेसे आहेत का, हे पाटीवरच्या वजनाच्या हिशोबाने ठरते. वजन कमी लिहिले तर परीक्षा सोपी, पण मग सामान भरून दोघे बसल्यावर उतारावर काय होईल, ते पाटीला ठाऊक नसते. नाव ही नुसती सोय असेल, पण चाक निखळले तर कोणाला तरी त्याच नावाने हाक मारावी लागते. मी खरे वजन लिहिले आणि वर माझे आडनाव घातले. अभिमानाने नव्हे, थोडे घाबरतच.

पाटीचे झाले, नंबर प्लेटचे राहिले. एकाच जुन्या गाडीचे दोन मुख्य भाग वापरल्याचे दाखवता आले, तर त्या गाडीच्या वयाचा नंबर मिळतो. नाहीतर 'क्यू' ने सुरू होणारा. 'क्यू' म्हणजे या गाडीचे वय किंवा मूळ नक्की नाही. हौसेचा नंबर विकत घेऊनही तो झाकता येत नाही. माझ्या सिएराचा गिअरबॉक्स निकामी निघाला होता. दुसरा भंगारवाल्याकडून आणला, मागचा आस तिसऱ्याच गाडीचा, आणि दोन्हींचे कागद नाहीत.

एक मित्र म्हणाला, "अरे, गिअरबॉक्सवर कुठे नाव लिहिलंय? त्याच गाडीचा म्हणून सांग. कोणाचं काय बिघडतंय?"

खरे म्हणजे कोणाचेच काही बिघडत नव्हते, आणि म्हणूनच ते अवघड होते. दोन रात्री मी अर्ज भरून तसाच ठेवला. ज्या हाताने पाटीवर खरे वजन लिहिले त्याच हाताने खोटी कुळकथा लिहायची, तर पाटीवरच्या आडनावाला काय अर्थ उरतो? शिवाय (हे मित्राला सांगितले नाही) परदेशात आपल्याला इतके अर्ज भरावे लागतात, जन्मगाव, पूर्वीचे नागरिकत्व, की निदान गाडीच्या अर्जात तरी लाजू नये असे वाटले. इंजिन इथले, गिअरबॉक्स कुठला ठाऊक नाही, असे सरळ लिहून टाकले.

'क्यू' आला. मुलीने विचारले, "बाबा, म्हणजे आपली गाडी अनाथ?" मी तिला बॉनेट उघडून रिव्हेट मारलेली पाटी दाखवली. तिने आडनाव वाचले, स्पेलिंग बरोबर आहे म्हणाली आणि खेळायला गेली.

मित्र अजूनही म्हणतो की विकताना मला 'क्यू' मुळे कमी पैसे येणार. बरोबर आहे त्याचे. विकायची वेळ आली तर आधी त्यालाच विचारीन.