पोप ग्रेगरीचे माप

मे 591 मध्ये पोप पहिल्या ग्रेगरीने सिसिलीतल्या आपल्या कारभाऱ्याला, पीटर नावाच्या सबडीकनला (कनिष्ठ धर्माधिकाऱ्याला), एक लांबलचक पत्र धाडले. धर्मतत्त्वांचा ऊहापोह त्यात जवळजवळ नाहीच. कुळांकडून धान्य कोणत्या मापाने घ्यायचे, कुळाघरच्या लग्नावर किती आकारायचे, खोटी वजने सापडली तर काय करायचे, अशा गोष्टींनी ते भरले आहे. ग्रेगरीची साडेआठशेच्या आसपास पत्रे आज उपलब्ध आहेत. मला त्यांतले हे सर्वांत थोर वाटते.

ग्रेगरी रोमच्या बड्या घराण्यातला. 573 च्या सुमारास तो शहराच्या मुलकी कारभाराचा प्रमुख होता. पुढे सगळे सोडून त्याने सीलियन टेकडीवरच्या वडिलोपार्जित वाड्याचा मठ केला आणि तिथेच संन्यासी म्हणून राहू लागला. ते सुख टिकले नाही. 589 मध्ये टायबरला पूर आला, चर्चची धान्यकोठारे बुडाली, पाठोपाठ प्लेग आला आणि त्यात पोप दुसरा पेलाजियस गेला. ती गादी ग्रेगरीच्या गळ्यात पडली. सम्राट दूर कॉन्स्टॅन्टिनोपलला आणि इटलीत घुसलेल्या लोंबार्डांचे सैन्य जवळ. शहराला खाऊ घालायचे, लोंबार्डांना पैसे चारायचे, त्यांनी पकडून नेलेल्यांना सोडवून आणायचे. आणि या साऱ्याचा मोठा आधार म्हणजे चर्चच्या सिसिलीतल्या जमिनी.

अशा वेळी कुळांना आणखी पिळण्यासाठी सबब शोधावी लागली नसती. रोम उपाशी आहे, एवढे म्हटले तरी भागले असते. ग्रेगरीने मात्र पिळवणुकीच्या एकेका वाटेवर बोट ठेवले. अठरा सेक्स्टारियसपेक्षा (सेक्स्टारियस हे छोटे रोमन परिमाण) मोठे माप वापरू नका. सुगीच्या वर्षीही धान्य बाजारभावानेच घ्या. लग्नाचे शुल्क सोन्याच्या एका नाण्यापलीकडे जाता कामा नये, आणि गरिबाकडून त्याहून कमी घ्या. शेतसाऱ्याचा पहिला हप्ता पीक विकण्याआधीच भरावा लागे, म्हणून कुळे सावकाराच्या दारी जात. त्यावर ग्रेगरीचा हुकूम असा: चर्चच्या पैशातून त्यांना उचल द्या आणि ती हळूहळू परत घ्या. हे बारकावे नुसत्या कनवाळूपणातून सुचत नाहीत. शेतकरी नेमका कोणत्या महिन्यात बुडतो, हे ज्याला कळते त्यालाच सुचतात.

हुकूम सुटला म्हणून माप लहान झाले असे नाही. 603 मध्येही सिसिलीत पंचवीस सेक्स्टारियसचे माप चालू असल्याचे त्याच्या कानावर आले. त्याने नोटरी पँटालिऑनला लुबाडणुकीचा हिशेब करायला लावला आणि त्या रकमेतून गाई, मेंढ्या, डुकरे घेऊन गरीब कुळांत वाटायला सांगितले.

इथेच थांबलो तर मोठा सुंदर माणूस हाती लागेल, पण तो अर्धाच. 594 मध्ये सार्डिनियातल्या बिशपला त्याने लिहिले, की चर्चच्या जमिनीवरचा कोणी मूर्तिपूजक शेतकरी हट्टाने धर्मांतर नाकारत असेल, तर तो वळेपर्यंत त्याच्यावर खंडाचे ओझे लादा. त्याच सुमारास सिसिलीतल्या ज्यू कुळांना त्याने उलट बाजूने ओढले: ख्रिस्ती होणाऱ्याचा खंड कमी करा. माणूस मनापासून वळला नाही तरी पुढची पिढी पक्की होईल, असा त्याचा रोकडा हिशेब होता. आणि याच ग्रेगरीने 598 मध्ये पालेर्मोच्या बिशपने बळकावलेल्या सिनेगॉगची किंमत ज्यूंना द्यायला लावली.

त्याचे चाहते सार्डिनियाचे पत्र काळाच्या खाती टाकतात. मला ते पटत नाही. काळ तर मोठ्या मापाच्याही बाजूने होता आणि तिथे ग्रेगरी काळाविरुद्ध उभा राहिला. खंडाने माणसाचा श्वास किती आवळता येतो हे त्याला पुरते ठाऊक होते. म्हणूनच तो सिसिलीत फास सैल करू शकला आणि सार्डिनियात घट्ट. कुळाचे पोट त्याला दिसले. कुळाची श्रद्धा ही कुळाची स्वतःची असू शकते, हे दिसले नाही.

ग्रेगरी मार्च 604 मध्ये वारला. गादीवर सॅबिनियन आला, दुष्काळ पडला, आणि त्याने चर्चची कोठारे उघडून धान्य विकायला काढले: एका नाण्याला तीस माप.