परिचारिकेची सेवा आणि रुग्णाचे ऋण

बंगळूरच्या निम्हान्ससारख्या मोठ्या रुग्णालयात दूरदूरच्या प्रांतांतून रुग्ण येतो. बरा होऊन निघताना तो डॉक्टरांपुढे हात जोडतो, घरी जाऊन देवाचा नवस फेडतो. परंतु ज्या हातांनी मध्यरात्री त्याची कूस बदलली, किळस न करता त्याचे मलमूत्र काढले, त्या हातांचे स्मरण त्याला क्वचितच राहते. ही विस्मृती लहान दिसली तरी धर्मदृष्ट्या ती लहान नव्हे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशा पात्र व्यक्तीला, केवळ कर्तव्य म्हणून, योग्य स्थळी व काळी दिलेले दान सात्त्विक होय. दान केवळ द्रव्याचेच असते असे नाही. देहाच्या श्रमांचेही असते. परिचारिका वेतन घेते, मग ऋण कसले, असे कोणी म्हणेल. पण वेतनात श्रमाचे मोल असते, ममतेचे नसते.

याचे उदाहरण मुंबईत घडले. अरुणा शानबाग ही कर्नाटकातील हळदीपूरची कन्या मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका होती. नोव्हेंबर १९७३ मध्ये एका क्रूर हल्ल्यात तिच्या मेंदूला कायमची इजा झाली व ती अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ रोजी तिने देह ठेवला. मधली एकेचाळीसहून अधिक वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी तिला भरविले, न्हाऊ घातले. तिच्या बरोबरीच्या परिचारिका निवृत्त झाल्या, तेव्हा त्या हल्ल्यानंतर जन्मलेल्या मुलींनी ते व्रत पुढे चालविले. सतत निजून राहिल्याने अंगाला पडणारी क्षते तिला पडू दिली गेली नाहीत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालात या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. तिच्या मुखातून आभाराचा शब्द येणार नाही, हे त्या सर्वजणी जाणून होत्या. तरी सेवेत खंड पडला नाही. परतफेडीवाचून दिलेले दान ते हेच.

येथवर देणाऱ्याचा धर्म झाला. घेणाऱ्याचा धर्म भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात सांगितला आहे : देवांनी दिलेले भोग त्यांना काहीच न अर्पिता जो भोगतो, तो चोरच होय. अरुणेला बोलता येत नव्हते, म्हणून ती दोषमुक्त होती. ज्याची वाणी शाबूत आहे, त्याला ती सबब नाही. परिचारिका आभाराची वाट पाहत नाही हा तिचा मोठेपणा. त्याने रुग्णाचे ऋण फिटत नाही, उलट वाढते.

हे ऋण फेडणे गृहस्थाला कठीण नाही. परिचारिकेला हाक मारताना स्वर मृदू असावा. घरी परतल्यावर कृतज्ञतेच्या दोन ओळी तिला लिहून धाडाव्यात. आपल्या कन्येने हा मार्ग निवडल्यास तिला कमी लेखू नये. आणि घरातील वृद्ध अंथरुणाला खिळले असता, त्यांची कूस आपल्या हातांनी बदलावी. मिळालेली सेवा अशी पुढे दिली, म्हणजे यज्ञाचे चक्र अखंड राहते.