पानांआडचा माणूस

आमेरच्या शिलादेवीच्या दाराशी संगमरवरात कोरलेल्या केळी आहेत. राजा मानसिंगाने ही देवी बंगालातून आणली, असे परंपरा सांगते. त्या बंगालात दुर्गापूजेच्या सप्तमीस केळीच्या रोपासह नऊ वनस्पती एकत्र बांधतात, त्यांना स्नान घालतात आणि साडी नेसवून गणपतीशेजारी ठेवतात. आपल्या कोकणात तेरड्याची गौरही अशीच साडी नेसते. येथे वनस्पतीला माणसाचे वस्त्र मिळते. महाराष्ट्रातील खेड्यांत अवर्षणाच्या काळी मुलाच्या अंगाला कडुनिंबाचे डहाळे बांधून त्याला ‘धोंडी’ करतात. तेथे माणसाला वनस्पतीचे वस्त्र मिळते.

अशी साम्ये दिसली की त्या सर्वांचा एकच मूळपुरुष शोधण्याचा मोह होतो. लेडी रॅग्लन यांनी १९३९ साली इंग्लंडमधील चर्चांत कोरलेल्या, तोंडातून पाने फुटणाऱ्या मुखांना ‘हरित पुरुष’ हे नाव दिले आणि मे महिन्याच्या पहिल्या दिवशी पानांनी झाकून नाचणाऱ्या ‘जॅक’शी त्यांचे नाते जोडले. वसंताचा प्राचीन देव गवसला, असे पुष्कळांस वाटले. पुढे १९७९ साली रॉय जज यांनी दाखविले की, या जॅकचा माग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापलीकडे लागत नाही. त्या पानांच्या सांगाड्याभोवती असत धुराडी साफ करणारे गरीब लोक. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचे काम घटे, म्हणून ते नाचून पैसे मागत.

रूढी अर्वाचीन ठरली म्हणून तिचे मोल उणावते काय? आम्हांस तसे वाटत नाही. परंतु प्राचीनतेचा मोह निरुपद्रवीही नाही. पानांत देव शोधणाऱ्याला पानांआडचा माणूस दिसेनासा होतो. जॅक रस्त्यांवर नाचत होता, त्याच काळी त्या देशात लहान मुलांना धुराड्यांत चढवीत असत. १८४० च्या कायद्याने मनाई होऊनही ते थांबले नाही. त्यासाठी १८७५ चा कायदा व्हावा लागला.

यावर कोणी म्हणेल, सर्वत्र दारिद्र्यच पाहणे हीदेखील एक प्रकारची अंधता नव्हे काय? आक्षेप खरा आहे. धोंडीवर घागर ओतणारी गृहिणी भीक घालीत नसते. जे तिच्याच घरी दुर्मिळ झाले आहे, तेच ती ओतते आणि साऱ्या गावासाठी पाऊस मागते. त्या क्षणी तो मुलगा तिला पूज्य असतो. ही श्रद्धा खोटी ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही.

मात्र श्रद्धेला एक प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांस आहे. दुसऱ्या दिवशी डहाळे उतरवून तोच मुलगा त्याच दारी पाणी मागावयास आला, तर त्याला ते मिळेल काय? मिळत असेल, तर विधी किती जुना, याची चौकशी सावकाश करता येईल. मिळत नसेल, तर त्याचे प्राचीनत्व सिद्ध होऊनही काही साधणार नाही.