मुका मार

रक्त न येता जो मार लागतो त्यास मराठीत 'मुका मार' म्हणतात. हा शब्द ज्याने कोणी प्रथम योजला तो मोठा मार्मिक असला पाहिजे. कातडी फुटली की जखम आपण होऊन बोलू लागते; मुका मार मात्र ज्यास लागला त्याने सांगितल्यावाचून दुसऱ्यास कळत नाही. तो सांगावा की गिळावा, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नसून नीतीचाही आहे, आणि तो मुलांच्या बाबतीत अधिकच बिकट होतो.

बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर येथील मुले खेळाच्या संघांबरोबर परदेशी जातात, यात आता नवल उरलेले नाही. पाठीवर क्रिकेटचे अवजड किट घेऊन गर्दीच्या लोकलने आझाद मैदान गाठणाऱ्या मुलास सोसणे वेगळे शिकवावे लागत नाही. परंतु परदेशातील सोसणे निराळे. नव्या बुटांनी आलेला फोड, मुरगळलेला घोटा, सोलवटलेला गुडघा, न मानवलेले अन्न, भलत्या वेळी येणारी झोप: यांपैकी एकही गोष्ट घरी लपत नाही, कारण तेथे लंगडत्या चालीवरून ओळखणारी आई असते. तिकडे पंधरा-सोळा मुले आणि त्यांस सांभाळणारी एकदोन वडीलधारी माणसे. शिवाय बोलून दाखविले तर उद्याच्या सामन्यातील जागा जाण्याचे भय. तेव्हा मुलगा म्हणतो, "काही नाही, सर." या उत्तरास आपण धैर्य म्हणून गौरवितो. ते धैर्य असतेच काय?

आपल्या वेदान्तात साधकाच्या षट्संपत्तीत तितिक्षेची गणना केली आहे. तितिक्षा म्हणजे दुःख आले असता चिंता व विलाप न करता ते सहन करणे. येथे वर्ज्य आहे तो विलाप. सांगणे वर्ज्य नाही. "माझा घोटा सुजला आहे" हे विधान आहे, रडगाणे नव्हे. ॲरिस्टॉटलने तर खऱ्या धैर्यातून त्याची पुष्कळशी प्रतिरूपे निवडून बाजूस काढली आहेत. सेनापतीच्या धाकाने जो रणात उभा राहतो त्यास तो खरा धीराचा मानीत नाही. जागा जाईल म्हणून जो मुलगा गप्प बसतो तो त्या शिपायाच्याच रांगेतला होय. त्यात मुलाचा दोष नाही. पण आपण ज्यास सद्गुण म्हणतो ते पुष्कळदा नुसते भय असते, एवढे तरी ओळखावयास हवे.

यावर कोणीही सियालकोटचे उदाहरण देईल. 1989 च्या डिसेंबरात पाकिस्तानविरुद्धच्या चौथ्या कसोटीत भारताचे चार गडी 38 धावांत परतले असता वकार युनूसचा चेंडू सचिन तेंडुलकरच्या नाकावर बसला. मुलगा अवघा 16 वर्षांचा. वांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेला, एका मराठी कवी-प्राध्यापकाचा पुत्र. सदऱ्यावर रक्त सांडले, तरी तो मैदान सोडून गेला नाही. त्याने 57 धावा केल्या आणि सामना अनिर्णित राहिला. या प्रसंगाचे मोल आम्ही कमी लेखू इच्छीत नाही. पण ध्यानात घ्यावे की तो मार मुका नव्हता. रक्त सर्वांस दिसत होते. काही लपविलेले नव्हते. सर्व उघड असता त्याने निवड केली. या कथेचे जे अनुकरण होते त्यात नेमका हाच भाग गळून पडतो, आणि "तो रक्तबंबाळ होऊन खेळला, तुझा काय घोटाच दुखतो!" एवढेच मुलांच्या कानी पडते.

डोक्याच्या माराची गोष्ट तर आणखी वेगळी. 1962 मध्ये बार्बाडोस येथे ग्रिफिथचा चेंडू लागून नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीस तडा गेला व त्यांचे कसोटीतील खेळणे कायमचे संपले. ती इजा भारी होती. परंतु हलक्या दिसणाऱ्या आघातानेही मेंदूस धक्का बसतो आणि खेळाडू मात्र "ठीक आहे" म्हणत राहतो. येथे निवाडा करणारे इंद्रियच दुखावलेले असते. न्यायाधीशालाच घेरी आलेली असता त्याचा निकाल कोणी मानावा? 2019 पासून आंतरराष्ट्रीय कसोटी सामन्यांत अशा खेळाडूच्या जागी दुसरा घेण्याची मुभा मिळाली, तीमागे हीच जाण आहे.

बोलण्याचे काम सर्वस्वी खेळाडूवर टाकता येत नाही, याचा दाखला खाशाबा जाधवांचा. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये एका जपानी मल्लाशी दीर्घ कुस्ती झाल्यावर लागलीच त्यांस सोव्हिएत मल्लाशी झुंजण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळावयाची होती. पण ती मागण्यास एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. थकवा ही काही जखम नव्हे. परंतु त्या परमुलखात त्यांच्या वतीने दोन शब्द बोलणारे कोणी असते तर ती कुस्ती विसावलेल्या अंगाने झाली असती.

याच खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले होते. असा त्याग वंद्य खराच. परंतु ज्याच्यासाठी घर गहाण पडते त्याच्या तोंडाला त्या उपकाराचे एक कुलूपही लागू शकते. आज मुलाच्या परदेशवारीसाठी कर्ज काढणाऱ्या उपनगरांतील पालकांनी हे मनात आणावे. "एवढा खर्च केला आहे, नीट खेळ" हे निरोपाचे वाक्य विमानतळावर सहज उच्चारले जाते, आणि मुलगा ते सामानाबरोबर घेऊन जातो.

संघाबरोबर जाणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे तर याहून साधे काम आहे. जेवणाच्या वेळी सर्वांदेखत "सगळे ठीक ना रे?" असे पुसले तर एका सुरात "हो सर" एवढेच ऐकू येणार. त्याऐवजी रात्री मुले बूट काढीत असता एकेकापाशी बसावे, "दाखव बघू पाय" म्हणावे, आणि फोड दिसला तर उद्याच्या संघाविषयी त्या घटकेस अक्षरही काढू नये.