कच्चं लिंबू

लहान मुलांशी खेळताना मोठ्यांनी मुद्दाम हरावं का? घरात लहान मूल असलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतो आणि बहुतेक जण त्याचं उत्तर विचार न करताच देऊन टाकतात. हरायचं! पोर खूश, आपण खूश. त्यात काय एवढं?

रत्नागिरीत हा प्रश्न पावसाळ्यात जास्त पडतो. जून ते सप्टेंबर बाहेर धो धो पाऊस, मध्येच लाईट गेलेली, मग पडवीत कॅरम निघतो, सापशिडी निघते. गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले की जागरणाला पत्त्यांचे डाव रात्रभर चालतात आणि चिल्लीपिल्ली मोठ्यांच्या मांडीवरून पानं बघत बसतात. आमच्याकडे गेल्या गणपतीत माझी सहा वर्षांची पुतणी तिच्या आजोबांबरोबर कॅरम खेळत होती. दमट हवेत बोर्ड जड झालेला, बोरिक पावडर टाकून टाकून संपत आलेली. आजोबा एरवी क्वीन घेऊन कव्हर करणारे. त्या दिवशी भोकाच्या तोंडाशी असलेल्या सोंगट्याही त्यांना जाईनात. थोड्या वेळाने पोरीने स्ट्रायकर खाली ठेवला आणि म्हणाली, "आबा, तुम्ही खेळतच नाही."

तिचं वाक्य नीट ऐका. 'तुम्ही हरताय' अशी तिची तक्रार नव्हती. तुम्ही खेळतच नाही, असं ती म्हणत होती.

योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने 1938 साली खेळावर एक अख्खं पुस्तक लिहिलं, 'होमो लुडेन्स'. त्यात तो म्हणतो की लबाडी करणारा खेळाडू नियम मानल्याचा देखावा तरी करतो. मला वाटतं, मुद्दाम हरणाराही तेच करतो, फक्त उलट्या दिशेने. लबाड जिंकण्यासाठी फसवतो, आजोबा हरण्यासाठी. हेतू प्रेमाचा आहे, पण समोरच्याला वाटतंय की डाव चाललाय आणि खरं तर तो चाललेलाच नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. सहा वर्षांच्या मुलीला दहा वेळा ओळीने हरवलं तर ती अकराव्यांदा बसणारच नाही. पूर्ण ताकदीने खेळून तिचा धुव्वा उडवणं हाही काही खेळ नव्हे. आणि मुलांशी आपण खोटं खोटं वागतोच की! भातुकलीतला रिकाम्या कपातला चहा आपण फुर्रर्र करून पितो. मग कॅरममधलं खोटंच का खुपावं?

फरक इतकाच की भातुकलीत कप रिकामा आहे हे दोघांनाही माहीत असतं. कॅरमवर ते फक्त आजोबांना माहीत होतं.

या पेचावर आपल्याकडे जुनाच तोडगा आहे आणि तो कुठल्या पुस्तकातून आलेला नाही, अंगणातून आलाय: कच्चं लिंबू. लगोरी, लंगडी, लपाछपी खेळताना धाकट्याला घ्यायचं, पण तो आऊट झाला तरी धरायचं नाही. सवलत आहे, पण ती डाव सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर जाहीर केलेली. पटावरही हे जमतं. बुद्धिबळात आपला वजीर काढून ठेवायचा, कॅरम डाव्या हाताने खेळायचा. आणि मग जीव तोडून खेळायचं. त्यानंतर मूल जिंकलं तर ते खरंच जिंकलं.

अर्थात कच्चं लिंबू असण्याची एक किंमत आहे. तुमचं आऊट होणं धरत नाहीत, म्हणजे तुमचं जिंकणंही कुणी फारसं धरत नाही. म्हणून तर प्रत्येक पोर एके दिवशी पाय आपटून सांगतं, मी आता कच्चं लिंबू नाही! सवलत किती आणि कधीपर्यंत, हे ठरवताना त्या पोराचंही मत घ्यायला हवं.

सापशिडीत तर सवलतीची गरजच नाही. आपल्याकडच्या जुन्या मोक्षपटात शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण. परंपरा त्याचं नातं थेट ज्ञानेश्वरांशी जोडते. पण फासे पडतात ते वय बघून नाही. अठ्ठ्याण्णववर पोचलेले आजोबा सापाच्या तोंडात जातात आणि नात पुढे निघून जाते. इथे आजोबा खरोखर हरतात, आणि हे मला फार मोलाचं वाटतं.

कारण मुलं आपला डाव बघतात तसा आपला चेहराही बघतात. मुद्दाम हरणारा माणूस हसत हसत हरतो, त्याला काही गमवायचंच नसतं. त्याच्याकडून मूल काय शिकणार? हरलेलं कसं पचवायचं, हे खरोखर हरलेल्या माणसाकडूनच शिकता येतं. थोडा खट्टू झालेला, 'छ्या, गेलं' म्हणणारा, आणि तरी सोंगट्या पुन्हा मांडणारा मोठा माणूस मुलांना दिसायला हवा.

शिवाय प्रश्न आपल्या शब्दाचाही आहे. आज खोट्या डावावर 'वा, काय खेळलीस!' म्हणालो, तर उद्या तिच्या चित्राला, परवा तिच्या दहावीच्या मार्कांना दिलेली शाबासकी तिने कशी ओळखायची? मुलांना आपली फसवाफसवी आपल्याला वाटते त्यापेक्षा लवकर कळते. ती बोलत नाहीत एवढंच. आपली मनं राखायला तीही मग जिंकल्याचा आनंद झाल्यासारखं दाखवतात, आणि एका पटाभोवती बसलेली दोन माणसं एकमेकांची समजूत काढत राहतात.

तेव्हा पुढच्या वेळी पट मांडाल तेव्हा पहिला फासा टाकण्याआधीच विचारा, "तुला किती सवलत हवी?" मागेल तेवढी द्या. मग मनापासून खेळा. "काहीच नको" असं उत्तर आलं, तर तेही ऐका आणि वजीर पटावर ठेवा.