गणित सोडलंस, मोजणं सोडू नकोस

वन-नॉर्थ, सिंगापूर
रविवार

चि. मुक्ता,


गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. अकरावीला तू पीसीबी घेतलंस आणि गणिताच्या जागी भूगोल, हे त्याने जरा चाचरतच सांगितलं. मी रागावेन असं त्याला वाटलं असावं. तसं काही झालं नाही. पण मागून तुझा आवाज आला, "सुटले एकदाची गणितातून!" तो शब्द मला आठवडाभर टोचत राहिला, म्हणून लिहिते आहे.

मी काम करते त्या जागेच्या नावातच आकडा आहे. सिंगापूर विषुववृत्ताच्या साधारण एक अंश उत्तरेला, म्हणून हा सगळा भाग वन-नॉर्थ. त्यात बायोपोलिस, आणि बायोपोलिसच्या इमारतींची नावं नॅनोस, जीनोम, प्रोटिऑस अशी. नॅनो म्हणजे अब्जावा भाग. इथे जीवशास्त्रच चालतं, पण दिवसातला निम्मा वेळ आमच्यासमोर पेशी नसतात, आकडे आणि आलेख असतात.

जीवशास्त्रासाठी तुला कलन लागणार नाही. त्रिकोणमितीही फारशी नाही. जे लागतं ते बहुतेक आठवी-नववीतलंच आहे, फक्त ते हातात मुरलेलं हवं. सगळ्यात आधी एककं. एका मिलिमीटरचे 1000 मायक्रोमीटर, एका मायक्रोमीटरचे 1000 नॅनोमीटर. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी 200 पट मोठी करून काढलेल्या चित्रात 60 मिलिमीटर लांब दिसली, तर आधी 60 चे 60,000 मायक्रोमीटर कर आणि मग 200 ने भाग: 300 मायक्रोमीटर. उत्तर आलं की पेशीला शोभतं का ते बघ. पेशी 30 सेंटिमीटरची निघाली, तर चूक कुठेतरी शून्यांत आहे. शेकडेवारीचंही तसंच. 40 वरून 50 ही 25 टक्के वाढ, पण 50 वरून 40 ही 20 टक्के घट. भागायचं ते मूळ आकड्याने.

आता मुख्य गोष्ट, आलेखाचं वर्णन. तुमच्या नीटमध्ये चार पर्यायांतला एक निवडायचा असतो, त्यामुळे त्या तयारीत तुझ्यावर आलेख शब्दांत लिहायची वेळ येणार नाही, आणि मला काळजी वाटते ती याचीच. वन-नॉर्थ स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक ज्युनियर कॉलेज आहे. तिथली, तुझ्याहून थोडी मोठी मुलं ए-लेव्हलची परीक्षा देतात. त्या परीक्षेत "वर्णन करा" आणि "स्पष्टीकरण द्या" या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. एकीच्या उत्तरात दुसरीचं उत्तर लिहिलं तर गुण मिळत नाहीत. हा भेद मला परीक्षेपुरता वाटत नाही. आपण काय पाहिलं आणि आपल्याला काय वाटलं, हे वेगळं ठेवता येणं हा आमच्या कामाचा पायाच आहे.

शाळेतला हायड्रिलाचा प्रयोग घे. समज, प्रकाश वाढवत नेला आणि दर मिनिटाला निघणारे बुडबुडे मोजले. मुलं लगेच लिहितात, "प्रकाश वाढल्याने हरितद्रव्याला जास्त ऊर्जा मिळते." हे खरं आहे, पण आलेखात हरितद्रव्य कुठे दिसलं? आलेखात दिसतं ते असं: प्रकाशाची तीव्रता 1000 लक्सवरून 4000 लक्सपर्यंत वाढताना बुडबुडे मिनिटाला 6 वरून 24 झाले, आणि ही वाढ सरळ रेषेत आहे, दर 1000 लक्सला 6. पुढे 6000 लक्सपर्यंत ते 28 झाले, म्हणजे दर 1000 लक्सला 2 च. त्यानंतर रेषा आडवी होते. एवढं लिहिलं की पेन खाली ठेवायचं. आधी एकूण कल, मग तो कुठे बदलतो ते वळण, वळणाचे आकडे, आणि आकड्यांना एककं. "खूप वाढला", "झपाट्याने वाढला" असे शब्द आकड्याशिवाय वापरू नकोस. असं लिहिलंस की पुढचा प्रश्न आपोआप पडतो: 4000 लक्सनंतर प्रकाश मिळूनही वाढ का मंदावली? मग कार्बन डायऑक्साइड अपुरा पडला का, तापमान आड आलं का, हा विचार सुरू होतो. ज्याने आधीच हरितद्रव्य लिहून टाकलं, त्याला ते वळण दिसतच नाही.

आलेख वाचायला घेताना आधी रेषा बघू नकोस, अक्ष बघ. मी इथे नवी असताना पीसीआरच्या दोन नमुन्यांत डीएनए दिसायला लागलेल्या चक्रांचे आकडे आले होते, 24 आणि 27. मी अहवालात लिहिलं, "किंचित फरक." माझ्या वरिष्ठ बाईंनी शेजारी पेन्सिलीने "8 पट" लिहून कागद परत दिला. पीसीआरच्या प्रत्येक चक्रात डीएनए साधारण दुप्पट होतो. तीन चक्रं म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन. 27 चक्रं लागलेल्या नमुन्यात सुरुवातीचा डीएनए आठ पटींनी कमी होता. 2020 मध्ये याच परिसरातल्या शास्त्रज्ञांनी टॅन टॉक सेंग रुग्णालयाबरोबर कोविडचा फॉर्टिट्यूड हा चाचणीसंच तयार केला. त्याच्याही मुळाशी हीच चक्रांची मोजणी होती. वीस मिनिटांना दुप्पट होणारा एक जीवाणू दहा तासांत 107 कोटींवर जातो. साध्या आलेख कागदावर ही वाढ मावतच नाही, म्हणून लॉग स्केल. तिथे प्रत्येक घर म्हणजे दहा पट, हे मनात पक्कं कर.

आणि सरासरी. तुझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर फर्ग्युसन आहे. साताऱ्याकडच्या बुध गावात 1911 साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे तिथे शिकले, पुढे अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले आणि निवृत्तीनंतर पुण्यातच काम करत राहिले. त्यांचं म्हणणं असं की निरोगी माणसाचंही शरीर एका मर्यादेत कमी-जास्त अन्नावर चालतं. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरला तर मोजणी चुकते. सरासरीभोवतीचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, धरूनच रेषा आखली पाहिजे. अर्थशास्त्रज्ञांशी यावर मोठा वाद झाला, आणि ती रेषा कुठे आखावी यावर मतभेद असू शकतात. पण किती माणसं उपाशी आहेत हे एका सांख्यिकी कल्पनेवर ठरत होतं, हे लक्षात घे. आलेखातल्या स्तंभांवरच्या त्या बारीक एरर बार म्हणजे हाच पसारा, किंवा त्यातून काढलेली सरासरीतली अनिश्चितता. त्या नक्की काय दाखवतात हे आलेखाखाली लिहिलेलं असतं, ते वाच. त्या एकमेकींवर बऱ्याच चढलेल्या असतील, तर दोन गटांत फरक आहे असं छातीठोकपणे लिहू नकोस.

त्याच फर्ग्युसनमध्ये दामोदर कोसंबी गणित शिकवत असत. ते प्रयोगशाळेतले जीवशास्त्रज्ञ नव्हते. पण गुणसूत्रावरच्या दोन जनुकांच्या मधल्या भागात दोनदा अदलाबदल झाली तर ती मोजणीत दिसत नाही, ही अडचण लक्षात घेऊन त्यांनी 1940 च्या दशकात एक सूत्र दिलं. पिकांच्या जनुकांचे नकाशे काढणारे लोक आजही त्या सूत्राला कोसंबींच्याच नावाने ओळखतात. माझ्या संगणकावर ते नाव पहिल्यांदा दिसलं, तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले होते.

भूगोल घेतलास ते छान केलंस. पर्जन्यमानाचे आलेख आयते मिळतील. तुझ्या पुस्तकातला कुठल्याही एका गावाचा, बारा महिन्यांचा आलेख घे आणि पाच वाक्यांत त्याचं वर्णन लिहून पुढच्या रविवारपर्यंत मला पाठव. मोसमी वारे, घाट, सह्याद्री यांतलं काही लिहायचं नाही. फक्त वर्णन, आणि मिलिमीटर लिहायला विसरू नकोस.

दादाला, वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या